राखीव माणसांचा हिवाळा

डिसेंबर लागला की आमच्या दारावरून पहाटे मुलं धावू लागतात. महाडच्या बाहेर, जुन्या हमरस्त्याला लागून आमचं घर. आंब्याला मोहोर यायच्या सुमारास इकडच्या पोरांना फौजेच्या भरतीचे वेध लागतात. अंगात विरलेले बनियन, पायांत थोरल्या भावाचे बूट, तोंडातून वाफ. मागून एक निवृत्त हवालदार सायकलवरून शिट्टी फुंकत येतो आणि मागं पडलेल्यांना शिव्या घालतो. मी चहाचं आधण ठेवून खिडकीशी उभी राहते. या पोरांना बघून बरं वाटायला हवं. मला वाटत नाही. पोरांचा काही दोष नाही. दोष असलाच तर एका हिवाळ्याचा आहे. तो मी बहारीनमध्ये काढला, कुवेतची लढाई पेटली तेव्हा.

बहारीनला हिवाळा असतो हे गावाकडं कुणाला पटत नाही. पण जानेवारीत उत्तरेकडून वारा सुटला की अराद वस्तीतल्या आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी फटफट वाजायच्या आणि सुजाताचे ओठ फुटायचे. सुजाता, माझी लेक, तेव्हा पहिलीत होती. त्या वर्षी शाळा बंद झाली. खिडक्यांच्या काचांवर आम्ही चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या. विषारी वायू आत येऊ नये म्हणून न्हाणीघराच्या दाराखाली घालायला टॉवेल ओला करून ठेवायचा, असं रेडिओवर सांगत होते. शेजारची दोन कुटुंबं विमान मिळेल तसं केरळला निघून गेली. आम्ही राहिलो. अशोक, माझा नवरा, सित्रा बेटावरच्या कारखान्यात टेक्निशियन होता. शिफ्टवर लागणाऱ्या माणसांची सुट्टी बंद होती. मी त्याच कंपनीच्या सेफ्टी विभागात टायपिस्ट होते. सकाळी कंपनीची बस यायची. सुजाताला वरच्या मजल्यावरच्या गोवेकर बाईंकडे सोडून मी निघायचे. बसमध्ये एरवी केवढा गलका, त्या दिवसांत मात्र सगळे खिडकीतून वर बघत बसायचे. विमानांच्या आवाजानं बसच्या काचा थरथरायच्या.

गमरे उस्ताद त्याच बसला असायचे. आमच्याच तालुक्यातले, आमच्याच समाजातले, पन्नाशी उलटलेले. फायर वॉचमन म्हणून लागलेले. चढताना मला 'जय भीम, पोरी' म्हणायचे आणि पुढच्या सीटवर पाठ न टेकता बसायचे. कंपनीत पठाणापासून मल्याळ्यापर्यंत सगळे त्यांना उस्तादच म्हणत. लष्करात ते कवायत शिकवणारे होते. तिथं शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात.

आमच्या समाजात लष्कर घराघरांत आहे. पेन्शन आणि चळवळ, दोन्ही एकाच ओसरीवर बसत. इंग्रजांनी एकदा आमच्या माणसांची भरती बंद केली होती, ती पुढं पुन्हा उघडली, ही गोष्ट उस्तादांच्या आजोबांनी त्यांना सांगितली होती. त्यामुळं अठराव्या वर्षी अंगावर वर्दी चढली तेव्हा ती आपल्या एकट्याची नाही असं त्यांना वाटलं होतं. ठरलेली वर्षं नोकरी झाल्यावर त्यांना घरी पाठवलं. पण नाव सोडलं नाही. ते 'रिझर्व्ह'मध्ये गेले. शेती करायची, लग्न करायचं, पोरंबाळं वाढवायची, आणि बोलावणं आलं की जायचं. "आपण राखीव," असं ते सांगत, आणि मी हसले की तेही हसत. आमच्या घरांत तो शब्द दुसऱ्या अर्थानं रोजचाच होता. अशोकची कॉलेजची जागा राखीव. उस्तादांचं आयुष्यच राखीव.

बांगलादेशाच्या लढाईआधी त्यांना तारेनं बोलावून घेतलं. त्यांना वाटलं, आता सीमेवर जायचं. पण त्यांना ट्रेनिंग सेंटरला ठेवलं. तिथले कायमचे उस्ताद पलटणीबरोबर पुढं गेले होते, त्यांच्या जागी हे. नवी पोरं यायची, घाईघाईनं शिकवून पुढं रवाना करायची, की पुढची तुकडी. त्यांतली काही परत आली नाहीत. उस्तादांना त्यांची नावं फारशी आठवत नसत. चुका आठवत. एकाचा डावा खांदा पडायचा. एक 'पीछे मुड' म्हटलं की हमखास उजव्या पायात अडखळायचा. एक झोपेत हसायचा. बसमध्ये माझ्या शेजारी जागा मिळाली की ते समोर बघत हे सांगत.

"मी लढाई बघितली नाय," एकदा म्हणाले. "मी नुसती पोरं पाठवली."

जानेवारीच्या सुरुवातीला कंपनीत मास्क आले. विषारी वायूचा हल्ला होईल अशी धास्ती सगळ्या बेटाला होती. तोंडावर घालायचा रबरी मास्क, त्याला पुढं गाळणीचा डबा. पण मास्क सगळ्यांपुरते नव्हते. कारखाना बंद पडू नये म्हणून जी माणसं शिफ्टवर राहणारच, त्यांना मिळायचे होते. अशोकला मिळाला. मला नाही, सुजाताला तर नाहीच. अशोकनं तो घरी आणायची परवानगी मागितली. मिळाली नाही. त्या रात्री तो ताटातला भात नुसता चिवडत बसला. सुजातानं विचारलं, "पप्पा, आर यू सिक?" तो म्हणाला, "नाही गं." आणि ताट तसंच सारून उठला.

मास्क कसा घालायचा ते शिकवायला एक अमेरिकन सार्जंट आला. वॉल्टर त्याचं नाव. पोट सुटलेला, जाड काचांचा चष्मा, उस्तादांच्याच वयाचा. सैनिक म्हणजे सिनेमातल्यासारखा असेल असं मला वाटलं होतं. हा तर आमच्या तालुक्यातला पोस्टमास्तर वाटत होता. त्यानं उस्तादांना शिकवायचं, उस्तादांनी कामगारांना. उस्तादांचं इंग्रजी 'येस सर' पुरतं, म्हणून मधे दुभाषी म्हणून मी.

पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी वॉल्टरनं सांगितलं, तो घरी बेकरी चालवतो. उस्ताद चमकले. "विचार गं, मग फौजेत कसा?"

मी विचारलं. तो सांगत गेला, मी मराठीत करत गेले. त्याची डिव्हिजन ही एके काळी लढणारी होती. त्याच्या काकानं तिच्यातून युरोपच्या बर्फात लढाई केली. महायुद्ध संपल्यावर ती गुंडाळली आणि पुढं पुन्हा उघडली, ती शिकवणारी डिव्हिजन म्हणून. तिच्याकडे तोफा नाहीत, रणगाडे नाहीत. आहेत ते मास्तर, सुतार, बेकरीवाले, विम्याचे एजंट. महिन्यातला एक शनिवार-रविवार वर्दी घालायची, उन्हाळ्यात पंधरवडाभर छावणीत राहायचं आणि कच्च्या पोरांना शिकवायचं. खरी लढाई आली की नेहमीचे शिक्षक पुढं जातात आणि ही माणसं दुकानं बंद करून त्यांच्या जागी उभी राहतात. वॉल्टर रासायनिक बचावाचा जाणकार. तशी माणसं इकडं कमी पडत होती, म्हणून तो एकटा इकडं आला. बाकीचे तिकडं पोरं घडवत बसलेत.

उस्ताद ऐकता ऐकता उभे राहिले होते. "म्हणजे हा पण राखीव," ते म्हणाले. आणि मग, "त्याला विचार, त्याची पोरं कुठं आहेत?"

मला वाटलं, मुलंबाळं विचारतायत. मी तसंच विचारलं. वॉल्टर म्हणाला, दोन मुली, लग्नं झाली. उस्तादांनी मान हलवली. "ती नव्हं. त्यानं शिकवलेली."

मी पुन्हा विचारलं. वॉल्टरनं कप खाली ठेवला. हातानं पश्चिमेकडं, समुद्रावरच्या पुलापलीकडच्या सौदी वाळवंटाकडं दाखवलं. नंतर चष्मा काढून पुसत बसला. उस्तादांनी त्याच्या पुढ्यातली बशी उगाचच सरळ केली. त्या क्षणी मला जाणवलं की मी या दोघांच्या मधे उभी आहे आणि माझी इथं काही गरज नाही.

उस्तादांनी त्याच्या लांबलचक इंग्रजी सूचनांची दोन दिवसांत लष्करी हिंदीत कवायत केली. "ढक्कन खोल! ठोडी अंदर! पट्टा खींच! जोर से फूँक!" गाळणीच्या डब्याच्या तोंडाला प्लास्टिकचं बूच असतं. ते आधी काढायचं, नाहीतर आत हवा येत नाही. मग हनुवटी आत घालायची, पट्टे सारखे ओढायचे, फुंकून आतली हवा बाहेर टाकायची. पंजाबी, मल्याळी, बंगाली, सगळे एका तालात करू लागले. बुचापाशी उस्ताद सगळ्यांना थांबवत आणि एकेकाच्या डब्याला स्वतः बोट लावून बघत.

ही शिकवणी बंद शेडमध्ये चालायची. सेफ्टी ऑफिसरचा तसा हुकूम होता. ज्यांना मास्क द्यायचे नाहीत त्यांच्यापुढं मास्क दाखवायचे नाहीत, घबराट होईल. तो हुकूम मीच टाईप केला आणि मीच उस्तादांना समजावला. त्यांनी ऐकून घेतलं, "हुकूम म्हणजे हुकूम," म्हणाले, आणि शेडचं दार ओढून घेऊ लागले.

दाराबाहेर इब्राहिम उभा होता. इब्राहिम स्टोअरचा क्लार्क, सावित्री खाडीच्या पलीकडच्या गावचा कोकणी मुसलमान. अरादला आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर चौघांच्या खोलीत राहायचा. मला वैनी म्हणायचा. सुकी मासळी गावाहून आली की अर्धी आमच्याकडे. कुणी स्टोअरमध्ये काही मागितलं आणि ते नसलं की दोन्ही हात झाडून अरबीत "मफी!", म्हणजे "नाही!", म्हणायचा, तर माणूस रिकाम्या हातानंसुद्धा हसत परत जायचा. त्या दिवशी तोच म्हणाला, "उस्ताद, मना पन शिकवा की. खोकी तर मीच उतरवली."

"तुझं नाव नाय त्यांच्यात, बाबा," उस्ताद म्हणाले. "जरा थांब. नंतर बघू."

"इंशाल्ला," इब्राहिम म्हणाला आणि हसून स्टोअरकडे गेला.

त्यानं मग मनामाच्या बाजारातून कुठूनतरी जुना मास्क मिळवला. मला दाखवायला वर आला होता. माझ्या हातात पोळीचं पीठ. मी म्हटलं, "छान झालं हो, तुम्हाला तरी मिळाला." त्यानं मास्क पिशवीतून अर्धाच बाहेर काढला होता. मी नीट पाहिलासुद्धा नाही.

हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला तेव्हा मगरिबची, दिवस मावळतानाच्या नमाजाची वेळ होती. तसा तो आधीही वाजला होता आणि काही झालं नव्हतं. अशोक कामावर. मी सुजाताला घेऊन न्हाणीघरात शिरले, टॉवेल दाराखाली कोंबला, तिच्या तोंडावर ओला रुमाल धरला. ती माझ्या मांडीत. तिचं काळीज माझ्या हाताखाली चिमणीसारखं उडत होतं. बाहेर अगदी शांत. नंतर धोका टळल्याचा लांब, सपाट सूर आला. "आई, इज इट ओव्हर?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "संपलं, बाळा."

तेवढ्यात जिन्यातून हाका आल्या. इब्राहिमच्या खोलीतला एक पोरगेला हैदराबादी आमच्या दारावर थापा मारत होता. "भाभी, वो उठ नहीं रहे!" बाकीचे तिघं भोंगा झाल्यावर जिन्याखाली पळाले होते. इब्राहिमजवळ मास्क होता म्हणून तो खोलीतच थांबला होता.

मी खाली धावले. तो खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेला. मास्क तोंडावर, पट्टे डोक्यामागं नीट ओढलेले. मी शेडमध्ये इतक्या वेळा उभी राहिले होते, की माझी नजर आधी डब्यावरच गेली. बूच तसंच होतं. पिवळं, प्लास्टिकचं, घट्ट बसलेलं. मी मास्क ओढून काढला. आतली काच त्याच्या श्वासानं ओली झाली होती.

बेटावर त्या संध्याकाळी काहीही पडलं नव्हतं. इस्पितळात म्हणाले, हार्ट. चाळिशी गाठलेला माणूस, आधीच रक्तदाब, घाबरला असेल. शव विमानानं गेलं तेव्हा बरोबर तेवढीच हकीकत गेली: भोंग्याला घाबरून हृदय बंद पडलं.

आजही माझ्याकडून कुठल्या नव्या बाटलीचं सील पटकन फोडवत नाही. सुजाता आता चाळिशीच्या घरात आहे, लांब राहते. घरी आली की माझ्या हातून बाटली काढून घेते आणि फटकन फिरवते. "व्हॉट हॅपन्ड, आई?" मी म्हणते, "हात दुखतो." तिला तो हिवाळा आठवत नाही. ओल्या रुमालाचा वास आठवतो म्हणते, एवढंच.

इब्राहिम गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी उस्तादांना सगळं सांगितलं. बुचाचंही. ते पाठ न टेकता बसले होते, तसेच बसून राहिले. सित्र्याच्या चिमण्या दिसू लागल्या तेव्हा म्हणाले, "माझ्या सगळ्या पोरांची एक एक चूक मला ठाऊक आहे. याची एकपण आठवत नाय. म्हणजे मी त्याच्याकडं बघितलंच नाय, पोरी."

त्या दिवशी त्यांनी शेडचं दार उघडं टाकलं. येणारे-जाणारे उभे राहून बघू लागले. सेफ्टी ऑफिसर धावत आला. उस्तादांनी पहिल्यांदाच मला भाषांतर करू दिलं नाही. त्यांनी त्याला हिंदीतच सांगितलं, "साहब, मास्क नहीं है तो नहीं है. लेकिन सिखाने में क्या कम पड़ता है?" ऑफिसर नोकरीवरून काढायचं बोलला. उस्ताद म्हणाले, "निकाल दो." माणसं कमी असताना त्यांना कोण काढणार होतं?

मग दर शुक्रवारी ते आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत उभे राहू लागले. सित्र्याच्या कामगार वस्तीत गेले. जनाबियाच्या बंगल्यांत काम करणाऱ्या बायका बोलावू लागल्या, तिकडंही गेले. कुणी बाजारातून मास्क आणला असेल तर आधी बूच तपासायचं. नसेल त्यानं ओला टॉवेल कसा धरायचा, पोर मांडीत कसं घ्यायचं, वाऱ्याच्या कुठल्या बाजूला बसायचं. मी भाषांतर करत हिंडले. वॉल्टरला इब्राहिमचं कळलं तेव्हा तो एका शुक्रवारी सरावाचा जुना मास्क घेऊन आला आणि उस्तादांच्या शेजारी उभा राहिला. एक जण हिंदीत ओरडायचा, दुसरा नुसता करून दाखवायचा. मधल्या वेळात दोघं पायरीवर बसून चिंधीनं काचा पुसत.

लढाई संपली. पण उजळलं नाही. कुवेतच्या तेलविहिरी जळत होत्या आणि वारा आमच्याकडं यायचा तेव्हा भर दुपारी दिवे लावावे लागायचे. गच्चीवरच्या चादरींवर काळे ठिपके. लोक एकमेकांना मिठ्या मारून "खलास, खलास" म्हणत होते. वॉल्टर निरोप घ्यायला आला. त्याची बहुतेक पोरं सुखरूप होती. एकाविषयी त्याला अजून काही कळलं नव्हतं. उस्तादांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला, आणि माझ्याकडं न बघता मराठीतच म्हणाले, "त्याची चूक विसरू नको." मी ते भाषांतर केलं नाही. करता आलं नाही.

मे महिन्यात आम्हाला सुट्टी मिळाली. उस्तादही आले. महाडला उतरल्यावर दोनच दिवसांत ते आमच्या दारात उभे. "इब्राहिमच्या घरी जायचंय. तू चल. मास्क तू काढलास."

वाटेत मी त्यांना म्हटलं, "उस्ताद, घरच्यांनी मनाची समजूत घातली असेल. आता नव्यानं कशाला? ऐकून त्यांना जास्तच त्रास होईल."

"होईल," ते म्हणाले. आणि होडी गाठायला पुढं चालू लागले.

हमिदा, इब्राहिमची बायको, अंगणात फणसाच्या आठळ्या वाळत घालत होती. आम्ही कोण ते सांगितल्यावर तिनं खुर्च्या मांडल्या, पोरीकडून सरबत आणवलं. ओसरीच्या आत काळोखात इब्राहिमची आई खाटेवर बसली होती. तिला ऐकू कमी येत होतं. आम्ही हे ते बोलत राहिलो. मासळी, पाणी, पोरांच्या शाळा. मग हमिदाच एकदम म्हणाली, "तुमी तिथंच होतात ना? मना खरां सांगा. गावात लोकं बोलतात, भिऊन गेला. काय पडलां नाय, फुटलां नाय, आनी हा नुसता भोंग्याला भिऊन गेला. माज्या पोराला शाळेत चिडवतात."

उस्तादांनी ग्लास खाली ठेवला.

"भ्याला नव्हता," ते म्हणाले. "घाबरलेल्या माणसाला पट्टे सारखे ओढता येत नायत. मी शेकड्यांनी माणसं बघितलीत, हात कापतात, एक पट्टा वर जातो, एक खाली. या बाईनं बघितलं, त्याचे सारखे होते. बाकीचे पळाले, तो जाग्यावर बसून मास्क घालत होता. सगळं बरोबर केलं त्यानं. एकच गोष्ट राहिली. हवेच्या भोकाला बूच असतं ते आधी काढायचं. ते माहीत नसलं तर कुणाला सुचत नाय. दम कोंडला तरी बाहेर विष आहे म्हणून माणूस मास्क काढत नाय. त्यात त्याची चूक नाय."

"त्यांना कोनी सांगितलां नाय?"

"नाय. सांगायचं काम माझं होतं. तो शिकव म्हणून माझ्या दारात आला होता. मी नंतर बघू म्हटलं."

हमिदा त्यांच्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ही आम्हाला जा म्हणेल. तिनं पदर तोंडावर धरला. मग आत वळून मोठ्यानं म्हणाली, "अम्मा, ऐकलांव? ते भिऊन नाय गेले!"

आतून म्हातारीचा आवाज आला. "मंग कसा गेला?"

हमिदानं उस्तादांकडं पाहिलं. उस्ताद उठले. चपला बाहेर काढून उंबरठा ओलांडून आत गेले, म्हातारीच्या खाटेपुढं जमिनीवर बसले, आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन, एकेक शब्द सोडवत, पहिल्यापासून सांगू लागले.